अंडरमाउंट चॅनल घरच्या घरी: आधी चॅनल, मग करवत

पहिल्या वेळी मी तीन खण कापले, चिकटवले, घासले, पॉलिशचे दोन हात दिले आणि मगच चॅनलची, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या लोखंडी पट्ट्यांची, खोकी फोडली. पहिला खण कपाटात सरकवला. उजवी बाजू चॅनलवर अलगद बसली. डावी बाजू चॅनलच्या पाठीवर चढून बसली आणि खण रुसल्यासारखा एका अंगाला कलला. टेप लावून पाहिली, तर खण आतून ८ मिमी अरुंद. तिन्ही तसेच.

त्याआधी मी फक्त बाजूला लागणारे बॉल-बेअरिंगचे चॅनल बसवले होते. त्यांत खणाची बाहेरची रुंदी सांभाळायची असते. दोन्ही अंगांना साधारण १२.७ मिमी जागा सोडली की काम होतं. अंडरमाउंट चॅनल खणाच्या पोटाखाली, दोन बाजूपट्ट्यांच्या आत बसतो. त्यामुळे इथे सगळं गणित आतल्या रुंदीवर आणि तळाखालच्या पोकळीवर चालतं. जुन्या सवयीने बाहेरून माप धरलं आणि फसलो. ते तीन खण शेवटी दुसऱ्या एका कपाटात, बाजूच्या चॅनलवर लागले. अजून छान चालतात.

तुमचे खण पहिल्याच फेरीत बसावेत म्हणून सगळं क्रमाने लिहितो. मापं मिलिमीटरमध्येच घ्या. इंच आणि मिलिमीटर एका कामात मिसळले की चूक ठरलेली.

१. हे चॅनल खरंच हवेत का?

फायदे सरळ आहेत. खण उघडला तरी लोखंड दिसत नाही. बहुतेक मॉडेलमध्ये सॉफ्ट-क्लोज, म्हणजे खण शेवटी हळूच ओढून आवाज न करता बंद करणारी सोय, आतच असतं. खालच्या दोन क्लिपा दाबल्या की अख्खा खण उचलून बाहेर काढता येतो, आणि बसवून झाल्यावरही फटी जुळवता येतात. हा शेवटचा फायदा नवख्या माणसासाठी सगळ्यांत मोठा आहे.

तोटा उंचीचा. समजा खणासाठी मोकळी उंची १०० मिमी आहे. खाली-वर मिळून साधारण २० मिमी मोकळे ठेवावे लागतात, म्हणजे बाजूपट्टी ८० मिमीची. त्यातले १३ मिमी तळाखालच्या पोकळीत जातात आणि ६ मिमी तळाच्या प्लायमध्ये. हातात उरले ६१ मिमी. चमचे-सुऱ्यांना ते पुरतात, पण त्याहून उथळ खण करायचा असेल तर बाजूचे चॅनल बरे. १८ मिमी प्लायच्या बाजूपट्ट्या करायचा हट्ट असेल तरीही दोनदा विचार करा. कारण मापांच्या भागात येईलच.

२. चॅनल निवडताना

पाच गोष्टी बघा.

पहिली, लांबी. २५० पासून ५५० मिमीपर्यंत साधारण ५०-५० च्या टप्प्यांनी चॅनल मिळतात. कपाटाची आतली खोली मोजा, म्हणजे मागची फळी लागल्यावर उरते ती. मागची फळी खाचेत बसवली असेल तर बाहेरून दिसणाऱ्या खोलीतून सहज २० मिमी कमी होतात. चॅनलला स्वतःच्या लांबीपेक्षा काही मिलिमीटर जास्त खोली लागते, आणि दर्शनी फळी कपाटाच्या आत बसणार असेल तर तिची जाडीही त्यात धरावी लागते. मागून पाइप किंवा वायर गेली असेल तर तिच्या पुढून मोजा.

दुसरी, वजन. ३० किलो, ५० किलो असे वर्ग असतात. हा आकडा खणासकट आणि दर्शनी फळीसकट असतो हे लक्षात ठेवा. रुंद, खोल, जड भांड्यांच्या खणाला ३० किलोचा चॅनल लावू नका. तो तुटणार नाही, पण पूर्ण उघडल्यावर पुढून झुकेल आणि ती झुकलेली फळी रोज डोळ्यांत खुपेल.

तिसरी, किती उघडतो. काही स्वस्त मॉडेल पाऊणच उघडतात आणि खणाचा मागचा चतुर्थांश कायम अंधारात राहतो. पूर्ण उघडणारेच घ्या, इथे काटकसर नको.

चौथी, बंद होण्याची पद्धत. सॉफ्ट-क्लोज आणि दाबून उघडणारे हे दोन वेगळे प्रकार आहेत. हँडल नको म्हणून दाबून उघडणारे घेणार असाल तर फळीच्या मागे ती दाबली जाण्यापुरती फट ठेवावी लागते. रुंद खणाला डावा-उजवा चॅनल जोडणारा दांडाही लागतो. तो नसला तर एका कोपऱ्यात दाबलेला खण उघडायला कुरकुरतो. पहिल्याच कामाला सॉफ्ट-क्लोज आणि साधं हँडल घ्या.

पाचवी, खणाच्या बाजूपट्टीची जाडी. बरीच मॉडेल जास्तीत जास्त १६ मिमी जाडीसाठी बनवलेली असतात, काही १९ मिमीसाठी. खोक्यावर लिहिलेलं असतं. ब्लमचे टँडम असोत, हेटिकचे क्वाड्रो असोत की आणखी कुठले, एकाचं माप दुसऱ्याला लावू नका.

पुढच्या पट्टीवरच्या क्लिपा पुष्कळदा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. चॅनल आणले आणि क्लिपा नाहीत, ही अडचण जवळपास प्रत्येकाला एकदा येते. डावी आणि उजवी क्लिप वेगळी असते, जोडी बघून घ्या.

३. जवळ काय हवं

कागद म्हणून एकच: त्या मॉडेलचं माहितीपत्रक. खोक्यात नसेल तर कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेल क्रमांकाचं उतरवून घ्या, छापा आणि कामाच्या टेबलाजवळ भिंतीला चिकटवा. पुढे मी देतो ते आकडे १६ मिमी वर्गातल्या नेहमीच्या मेट्रिक मॉडेलचे आहेत. तुमच्या कागदावर वेगळे असतील तर कागदाचं ऐका.

हत्यारं:
- टेप, आणि प्लायची जाडी मोजायला व्हर्नियर
- गुण्या, शक्यतो पट्टी पुढे-मागे सरकणारा
- ड्रिल, २.५ मिमी आणि ६ मिमी बिट
- भोकाच्या मध्यावर आपोआप बसणारं स्प्रिंगचं बिट. नसलं तरी चालेल, पण असलं तर स्क्रू तिरके जात नाहीत
- ३.५ किंवा ४ मिमी जाडीचे, १६ मिमी लांबीचे, चपट्या डोक्याचे स्क्रू
- दोन-चार क्लॅम्प, दुतोंडी टेप
- प्लायचा एक सरळ, काटकोनात कापलेला तुकडा. हा सगळ्यांत महत्त्वाचा, पुढे कळेल

जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू घरात पडलेले असतात, हात तिकडेच जातो. ते वापरू नका. त्यांचं डोकं चॅनलच्या पत्र्यात पूर्ण बुडत नाही, वर उरतं, आणि सरकणारा भाग दर वेळी त्यावर घासतो.

४. मापं

इथे घाई करू नका. चहा प्यायचा असेल तर आधी पिऊन घ्या.

कपाटाच्या दोन भिंतींमधलं अंतर पुढे, मध्ये आणि मागे मोजा, वर आणि खाली दोन्हीकडे. सहा आकडे लिहा. एक मिलिमीटरचा फरक चालून जातो. पुढे ५६४ आणि मागे ५६२ आलं तर सगळ्यांत लहान आकडा धरून खण करा. जिथे जागा जास्त आहे तिथे चॅनलच्या मागे पुठ्ठ्याचा किंवा लॅमिनेटचा तुकडा घालून भरून काढा. चॅनल एकमेकांना समांतर असणं खणाच्या सौंदर्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

"कपाट ६०० चं, प्लाय १८ चा, म्हणजे आत ५६४" असं तोंडी गणित करू नका. १८ मिमी म्हणून मिळणारा प्लाय पुष्कळदा साडेसतराच्या आसपास भरतो. व्हर्नियरवर १७.४ दिसला तर आतली जागा ५६५.२ झाली. या सव्वा मिलिमीटरवरच खण मऊ चालतो की कुरकुरतो ते ठरतं.

आता सूत्र:

खणाची आतली रुंदी = कपाटातली मोकळी रुंदी − ४२

हे ४२ म्हणजे प्रत्येक बाजूला २१. कपाटाच्या भिंतीपासून खणाच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत २१ मिमी. या २१ मध्ये बाजूपट्टीची जाडी आणि तिच्याबाहेरची फट, दोन्ही बसतात. पट्टी १६ मिमीची असेल तर बाहेर ५ मिमी फट राहते, १२ ची असेल तर ९ मिमी. चॅनलला दोन्ही सारखंच, कारण त्याला फक्त आतली रुंदी कळते. १८ ची पट्टी घेतली तर फट ३ मिमी, आणि तेवढ्यात चॅनलचा पत्रा नि स्क्रूची डोकी मावत नाहीत. पट्टी घासायला लागते. म्हणून वर म्हटलं, हट्ट नको. १९ मिमीसाठी बनवलेल्या मॉडेलमध्ये हाच आकडा ४२ ऐवजी ४९ होतो.

मोकळी रुंदी ५६४ धरू आणि एक खण पूर्ण मोजू. आतली रुंदी ५२२. बाजूपट्ट्या १२ मिमीच्या, म्हणून बाहेरची रुंदी ५४६. पुढची आणि मागची पट्टी बाजूंच्या मध्ये बसणार असेल तर त्या दोन्ही बरोबर ५२२ लांब. तळ ६ मिमी खोल खाचेत जाणार, म्हणून ५२२ अधिक १२ म्हणजे ५३४. त्यातला एक मिलिमीटर सोडून ५३३ कापा, नाहीतर चिकटवताना तळच खणाला फाकवतो.

माझे खण ८ मिमीने कसे चुकले तेही या आकड्यांत दिसतं. मी ५६४ मधून चॅनलचे साधारण २६ वजा केले, बाहेरची रुंदी ५३८ धरली. १२ च्या दोन पट्ट्या गेल्या, आत उरले ५१४. हवे होते ५२२.

आणखी एक सापळा लॅमिनेटचा. बाजूपट्ट्यांना आतून १ मिमी लॅमिनेट लावणार असाल तर दोन्हीकडून मिळून आतली रुंदी २ मिमी कमी होते. ते आधीच धरा, म्हणजे नुसत्या प्लायची आतली रुंदी २ मिमी जास्त ठेवा. लॅमिनेट मागाहून लावू म्हणून सोडलं आणि शेवटी खण अडकला, असं झालं की लॅमिनेट खरवडून काढण्यात अख्खी दुपार जाते.

लांबी: मेट्रिक मॉडेलमध्ये साधारणपणे चॅनलच्या नावाच्या लांबीतून १० मिमी वजा करतात, म्हणजे ५०० च्या चॅनलला ४९० चा खण. इंचात विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये मात्र २१ इंची चॅनलला २१ इंचीच खण लागतो. इथे अंदाज बांधायचा नाही, कागद बघायचा. खण लांब झाला तर पुढची क्लिप चॅनलपर्यंत पोचतच नाही. आखूड झाला तर चॅनलच्या मागच्या टोकाचा आकडा (हूक) खणाच्या मागच्या पट्टीतल्या भोकात बसत नाही.

उंची: बाजूपट्टी मोकळ्या उंचीपेक्षा किमान २० मिमी कमी. खाली साधारण १४, वर ६. वरच्या खणाचा चॅनल किंवा आडवी पट्टी वर येत असेल तर तिच्या खालच्या कडेपासून मोजा.

५. खण बांधणं

तळाची खाच बाजूपट्टीच्या खालच्या कडेपासून अशी घ्या की तळाच्या खालच्या पृष्ठभागापासून कडेपर्यंत बरोबर १३ मिमी राहील. खाचेची खालची कड १३ वर. राउटर किंवा टेबल-सॉ लावायच्या आधी टाकाऊ पट्टीवर एक खाच मारून मोजा. १२ आली तर क्लिपेला पोकळी अपुरी पडते. १४ आली तर क्लिपेला पोकळी सापडते, पण ती सैल राहते.

रुंद खणाला, समजा ६०० च्या पुढे, ६ मिमीचा तळ घेऊ नका. वजनाने तो मध्ये खाली येतो. ९ घ्या. खाचेची खालची कड तीच राहील, रुंदी तेवढी वाढेल.

मागची पट्टी. चॅनलला मागून बाहेर यायला वाट हवी. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत ३५ मिमी रुंद आणि १३ मिमी उंच खाचा कापा. जिग-सॉने कापून पटाशीने साफ करा. दिसणारी जागा नाही, थोडं वेडंवाकडं चालेल, पण आत एकही उंचवटा राहू देऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे मागची पट्टी उंचीला कमी कापून तळाच्या वरच बसवायची आणि तळ मागून सरकवायचा. हा मार्ग सोपा आहे, पण मग मागच्या पट्टीतलं आकड्याचं भोक (ते लगेच खाली सांगतो) पट्टीच्या अगदी कडेला येतं. तेव्हा हळू ड्रिल करा, नाहीतर प्लायचा पापुद्रा फुटतो.

आता ती भोकं. चॅनलच्या मागच्या टोकाला एक छोटा आकडा (हूक) असतो. तो मागच्या पट्टीतल्या भोकात शिरतो आणि खण मागून उचलला जाऊ देत नाही. भोक ६ मिमी व्यासाचं आणि १० मिमी खोल. बाजूपट्टीच्या आतल्या पृष्ठभागापासून आतल्या बाजूला ७ मिमी आणि तळाच्या खालच्या पृष्ठभागापासून ११ मिमी वर. बिटला १० मिमीवर टेप गुंडाळा, कारण १२ मिमीच्या पट्टीत आरपार जायला क्षण लागत नाही. यासाठी प्लास्टिकचा साचा मिळतो. दोनच खण करायचे असतील तर तो घेऊ नका, टाकाऊ लाकडाच्या ठोकळ्यात एक अचूक भोक पाडून तोच साचा वापरा. पाच-सहा खण असतील तर मात्र साचा घेणंच शहाणपणाचं.

चिकटवताना काटकोन. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. कमी-जास्त असतील तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून हळूच आवळा. गोंद ओला आहे तोवरच हे होतं. बाजूच्या चॅनलवर जरासा तिरका खण खपून जातो. इथे खपत नाही, एक क्लिप आधी लागते आणि दुसरी लागतच नाही.

वाळल्यावर तळाखालच्या कोपऱ्यांत सांडलेला गोंद पटाशीने काढा. तिथेच क्लिप बसायची आहे, आणि वाळलेल्या गोंदाचा एक थेंबही तिला तिरकं करतो.

६. कपाटात चॅनल लावणं

शक्य असेल तर कपाट आडवं पाडून काम करा. चॅनल भिंतीवर धरून ठेवायची कसरत वाचते.

कपाटाच्या पुढच्या कडेपासून चॅनलचं टोक ३ मिमी आत. दर्शनी फळी कपाटाच्या बाहेरून बसणार असेल तर एवढंच. फळी आत बसणार असेल तर तिची जाडी अधिक ३, म्हणजे १८ ची फळी असेल तर २१ मिमी आत. ३ मिमीच्या हिशोबात पहिलं स्क्रूचं भोक पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर येतं. तयार कपाटांच्या भिंतींत ३२-३२ मिमीवर भोकांची रांग असते, ती याच हिशोबाने.

उंचीसाठी तो प्लायचा तुकडा काढा. सगळ्यांत वरच्या खणाच्या चॅनलची खालची कड कपाटाच्या तळापासून जितकी वर हवी, बरोबर तितक्या उंचीचा तुकडा कापा. तो भिंतीला टेकवून उभा ठेवा, त्यावर चॅनल बसवा, स्क्रू मारा. तोच तुकडा दुसऱ्या भिंतीला लावा. मग तो मधल्या खणाच्या उंचीएवढा कापून लहान करा, पुन्हा दोन्हीकडे वापरा. मग खालच्यासाठी. तुकड्याचं माप एखादा मिलिमीटर चुकलं तरी दोन्ही बाजूंना सारखंच चुकतं, आणि सारखी चूक नंतर फळी जुळवताना नाहीशी होते. डावीकडे पेन्सिलची खूण आणि उजवीकडे वेगळी खूण, अशी पद्धत वापरली की एक दिवस फसायला होतंच.

ही उंची कशी काढायची? एक चॅनल टेबलावर ठेवा, त्यावर खण बसवा आणि टेबलापासून बाजूपट्टीच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मग कपाटात खण कुठे हवा ते ठरवून उलट मोजत जा. कागदावरची आकृतीही हेच सांगते, पण हातात घेतलेलं डोक्यात पक्कं बसतं.

पहिल्या फेरीत फक्त लंबगोल भोकांत, प्रत्येक चॅनलला पुढे एक आणि मागे एक असे दोनच स्क्रू लावा. खण चढवून बघा. सगळं मनासारखं झालं की गोल भोकांतले स्क्रू मारून पक्कं करा.

कपाटाला पुढून चौकट असेल, म्हणजे भिंत चौकटीच्या मागे आत गेली असेल, तर चॅनल सरळ भिंतीला लागणार नाही. चौकटीच्या आतल्या कडेशी सपाट होईल इतक्या जाडीची लाकडी पट्टी भिंतीला आधी मारा. मागच्या फळीला लागणारे ब्रॅकेटही मिळतात, पण पातळ मागची फळी त्यांचा भार पेलत नाही.

७. क्लिपा आणि पहिली चाचणी

क्लिप खणाच्या पोटाखाली, पुढच्या पट्टीच्या मागे, कोपऱ्यात घट्ट दाबून बसवा. स्क्रू बहुतेक तिरका जातो, म्हणून २.५ मिमीचं भोक आधी त्याच तिरकसपणे पाडा. तसं न करता मारला की स्क्रू आत शिरताना क्लिपेला कोपऱ्यापासून ओढून नेतो. एक मिलिमीटरची ती फट पुढे खणाच्या टोकाला बरीच मोठी होते.

चॅनल थोडे बाहेर ओढा, खण त्यांवर ठेवा आणि सावकाश आत ढकला. दोनदा "टक्" ऐकू आलं पाहिजे, डावीकडून एकदा आणि उजवीकडून एकदा. एकच आला तर खण पुन्हा काढा. मग खण अर्धा बाहेर ओढून मागचा भाग हळूच वर उचलून बघा. उचलला गेला तर आकडा भोकात गेलेला नाही.

८. दर्शनी फळी

हा भाग लवकर उरकतो. खणाच्या पुढच्या पट्टीवर दुतोंडी टेप लावा, फळी ३ मिमीच्या तुकड्यांवर टेकवून चारही बाजूंची फट सारखी करा आणि दाबा. खण अलगद बाहेर काढा, आतून स्क्रू मारा.

स्क्रूची लांबी मोजूनच घ्या. १२ ची पट्टी अधिक १८ ची फळी म्हणजे ३० मिमी, तेव्हा २५ चा स्क्रू. ३० चा घेतला तर त्याचं टोक लॅमिनेटच्या बाहेर बोंडासारखं डोकावतं. तो फुगवटा परत बसत नाही, फळी बदलावी लागते.

मग जुळवणी. क्लिपेवरचं चाक किंवा खटका फिरवून खण साधारण ३ मिमीपर्यंत वर-खाली होतो. बऱ्या क्लिपांवर दीड-दीड मिलिमीटर डावीकडे-उजवीकडेही सरकतो. सगळ्यांत खालच्या खणापासून वर जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही चाकं एकदम फिरवली की कुणाने काय झालं ते कळत नाही.

९. अडलं तर

- खण शेवटच्या ५० मिमीत थबकतो, सॉफ्ट-क्लोज ओढत नाही: बहुतेक वेळा खण आतून अरुंद आहे किंवा चॅनल मागे जवळ येत गेले आहेत. कपाटात पुढची आणि मागची रुंदी पुन्हा मोजा. कधी कधी एवढंच असतं की चॅनलच्या खोबणीत भुसा साचलाय. आधी ब्रश मारा.
- खण बंद होऊन पुन्हा १० मिमी बाहेर येतो: क्लिप पूर्ण अडकलेली नाही, किंवा मागची पट्टी कशाला तरी आपटते. खण काढून कपाटात टॉर्च मारा. माझ्याकडे एकदा मागच्या फळीचा वर आलेला खिळा निघाला होता.
- खण हलवला की आडवा डुलतो: आतून रुंद झालाय. एखाद्या मिलिमीटरसाठी बाजूपट्टीच्या आतल्या अंगाला, तळाखालच्या १३ मिमीच्या पट्ट्यात, पातळ लॅमिनेटची चिरी चिकटवली की भागतं. त्याहून जास्त असेल तर खण उकलावा लागेल.
- फळीचा एक कोपरा कपाटाला टेकतो, दुसऱ्याशी फट राहते: एक चॅनल पुढे-मागे लागलाय. लंबगोल भोकांतला स्क्रू ढिला करून ३ मिमी पुन्हा गुण्याने तपासा.
- अर्ध्या वाटेत खरखर: स्क्रूचं डोकं वर आहे. चॅनल पूर्ण ओढून एकेक स्क्रूवरून बोट फिरवा. चॅनलला तेल मात्र देऊ नका, त्यात भुसा चिकटतो आणि महिनाभरात जास्तच खरखरतो.

सगळं चालू झालं की सामान भरा आणि महिनाभर वापरा. मग एकदा खण काढून सगळे स्क्रू हाताने आवळा. प्लायमधले स्क्रू पहिल्या दिवसांत थोडे ढिले होतातच. त्याच वेळी खणाच्या पोटाखाली पेन्सिलने चॅनलचा मॉडेल क्रमांक आणि मोकळ्या रुंदीचा आकडा लिहून ठेवा. पाच वर्षांनी एक क्लिप तुटेल तेव्हा खोकं कुठे टाकलं होतं ते आठवणार नाही.